युद्धात, ऑपरेशनमध्ये जखमी झालेल्या जवानाची पेन्शन: कुठला कागद बघायचा, पैसे कसे मोजायचे, नाकारली तर कुठं जायचं

जय हिंद. सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर या पट्ट्यात फौजेत जखमी झालेला एकही माणूस नाही असं गाव सापडणं अवघड आहे. कुणाचा पाय सुरुंगावर गेलाय, कुणाच्या मांडीत अजून स्प्लिंटर, म्हणजे स्फोटाचा तुकडा, आहे, कुणाला एका कानानं ऐकूच येत नाही. यातल्या बऱ्याच जणांना विचारलं की तुम्हाला पेन्शन नक्की कुठली मिळते, तर सांगतात "डिसॅबिलिटी मिळतेय की". आणि पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, हातात घेऊन बघितला तर कधी कधी असं निघतं की जखम झालीय शत्रूच्या फायरमध्ये आणि पैसे लागलेत साध्या ड्युटीवरच्या अपघाताचे. मी नोकरीत क्लार्कचं काम केलेला माणूस आहे, आता गावाकडं माजी सैनिकांचे आणि वीरनारींचे कागद बघून देतो, आणि जे परत परत दिसतं ते एका जागी लिहून ठेवतोय, जरा लांब होईल पण ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. लोक भांडतात टक्क्यांवरून, मला ३० टक्के दिले, शेजारच्याला ४० दिले, माझ्यावर अन्याय झाला. पण टक्के जसेच्या तसे धरले जात नाहीत, त्याला ब्रॉडबँडिंग म्हणतात, म्हणजे २० पासून ४९ पर्यंत काहीही असलं तरी हिशोब ५० टक्क्यांनी होतो, ५० ते ७५ मध्ये असाल तर ७५ धरतात, ७६ च्या पुढं पूर्ण १००. म्हणजे ३० आणि ४० च्या भांडणात एक रुपया वाढत नाही. आणि जिथं खरा पैसा आहे, म्हणजे जखम कशात झाली हा रकाना, तिकडं कुणी बघतच नाही. तुमची सगळी ताकद त्या रकान्यावर लावा.

कॅटेगरी म्हणजे काय

संरक्षण मंत्रालयाचं ३१ जानेवारी २००१ चं पत्र आहे, त्यात अपंगत्व आणि मृत्यू यांचे पाच वर्ग केलेत, ए ते ई. ए म्हणजे नोकरीशी संबंध नसलेलं नैसर्गिक कारण. बी म्हणजे नोकरीच्या परिस्थितीमुळं झालेला किंवा वाढलेला आजार. सी म्हणजे ड्युटीवर झालेला अपघात, गाडी उलटली, ट्रेनिंगमध्ये पडला वगैरे. डी म्हणजे ऑपरेशनल ड्युटीवर नसताना झालेला दहशतवाद्यांचा किंवा समाजकंटकांचा हल्ला, बॉम्बस्फोट, किंवा पूर भूकंपात मदतकार्य करताना झालेलं. आणि ई म्हणजे युद्ध आणि युद्धासारखी परिस्थिती: शत्रूची कारवाई, सीमेवरची चकमक, सुरुंग पेरताना किंवा काढताना झालेला स्फोट, सरकारनं खास नोटिफाय केलेलं ऑपरेशन, परदेशात शांतिसेनेत असताना झालेली कारवाई अशी मोठी यादी आहे. वॉर इंज्युरी पेन्शन मिळते ती ई वाल्याला. बी आणि सी वाल्याला साधी डिसॅबिलिटी पेन्शन.

आता पैशाचं बघू, कारण आकडा समोर आल्याशिवाय कुणाला पटत नाही. समजा एक नाईक आहे, शेवटचा बेसिक ३५,००० आणि एमएसपी (मिलिटरी सर्व्हिस पे) ५,२००, म्हणजे शेवटचा पगार धरला ४०,२००. ऑपरेशनमध्ये जखमी झाला, बोर्ड आऊट झाला, म्हणजे मेडिकल बोर्डानं अनफिट ठरवून घरी पाठवला, अपंगत्व ४० टक्के लागलं, म्हणजे हिशोबाला ५०. सर्व्हिस एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला नोकरीचा भाग, पगाराच्या निम्मा, २०,१००, हा दोन्हीत सारखाच. आता त्याला सी कॅटेगरी लागली तर डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे अपंगत्वाचा भाग, १०० टक्के अपंगत्वाला पगाराच्या ३० टक्के असतो, म्हणजे १२,०६०, त्याच्या निम्मे ६,०३०, एकूण पेन्शन २६,१३०. आणि त्याच माणसाला त्याच जखमेला ई लागली तर वॉर इंज्युरी एलिमेंट १०० टक्क्याला अख्ख्या पगाराएवढा असतो, ४०,२००, त्याच्या निम्मे २०,१००, एकूण ४०,२००. महिन्याला १४,०७० रुपयांचा फरक, आणि त्यावर महागाई रिलीफ वेगळा, आयुष्यभर. पाय तोच, टक्के तेच, फक्त कागदावरचं एक अक्षर वेगळं.

जो जखमी होऊनही फौजेत राहिला आणि नंतर नॉर्मल रिटायर झाला त्याचं गणित थोडं वेगळं. त्याला त्याची नेहमीची सर्व्हिस पेन्शन मिळते आणि वर वॉर इंज्युरी एलिमेंट, पण तो १०० टक्क्याला पगाराच्या ६० टक्के या दरानं. वरच्याच उदाहरणात १०० टक्क्याला २४,१२० आणि ५० टक्क्याला १२,०६०. हाच माणूस सी मध्ये असता तर ६,०३०. म्हणजे इथंही दुप्पट आहे. दोन्ही हिशोबांना एकच मुख्य अट, अपंगत्व निदान २० टक्के पाहिजे. आणि बोर्ड आऊट झालेल्याला जर जखम नोकरीमुळं आलेली असेल तर सर्व्हिस एलिमेंटसाठी किती वर्षं नोकरी झाली हे बघत नाहीत, दोनच वर्षं नोकरी झालेल्या पोराला पण मिळतो, हे मुद्दाम सांगतोय कारण "तुझी दहा वर्षं झाली नाहीत" म्हणून कुणी कुणी परत पाठवलेलं मी ऐकलंय.

जखम झाली तेव्हाचे कागद

जवान हॉस्पिटलमध्ये पडलेला असतो तेव्हा त्याला कागदाचं सुचत नाही आणि सुचायलाही नको, हे काम घरच्यांनी आणि युनिटमधल्या मित्रांनी करायचं. जखम झाली की युनिट कॅज्युअल्टी रिपोर्ट पाठवतं आणि त्यात लिहिलेलं असतं बॅटल कॅज्युअल्टी (लढाईतली) की फिजिकल कॅज्युअल्टी (इतर). मग त्याची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोकरीच्या रेकॉर्डमधली अधिकृत नोंद, निघते. हे कसं ठरवायचं ते आर्मी ऑर्डर १/२००३ मध्ये दिलंय. भरपूर लोकांचा समज असा की बॅटल कॅज्युअल्टी म्हणजे गोळीच लागली पाहिजे. तसं नाही. सुरुंग, आयईडी, शेलिंग तर आहेच, पण आंतरराष्ट्रीय सीमेवर किंवा एलसीवर (नियंत्रण रेषेवर) ऑपरेशनल ड्युटी करताना हिमस्खलन, दरड, पूर, वीज, नदीत बुडणं यात सापडलेला जवान पण त्यात येतो. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सरोज देवी यांच्या केसमध्ये हेच मान्य केलं, त्यांचा नवरा एलसीवर पेट्रोलिंग करताना अतिथंड हवामानात गेला होता, विधवेला लिबरलाइज्ड, म्हणजे साधीपेक्षा जास्तीची, फॅमिली पेन्शन द्या म्हणाले आणि तिला कोर्टापर्यंत ओढलं म्हणून सरकारला ५०,००० रुपये खर्च पण द्यायला लावला. ती केस फॅमिली पेन्शनची होती, पण सियाचीन, द्रास, कारगिल साईडला बर्फात हातपाय गमावलेल्यांनी ती वकिलाला दाखवण्यासारखी आहे.

एक बारकावा इथं लक्षात घ्या. बॅटल कॅज्युअल्टीची यादी आर्मी ऑर्डरमध्ये आहे आणि कॅटेगरी ई ची यादी पेन्शनच्या पत्रात आहे, दोन्ही बऱ्याच जुळतात पण शब्दाला शब्द नाही. म्हणून नुसता बॅटल कॅज्युअल्टी असा शिक्का बघून निश्चिंत होऊ नका, घटनेचं वर्णन काय लिहिलंय ते वाचा. त्यात ऑपरेशनचं नाव पाहिजे, जागा पाहिजे, तारीख वेळ पाहिजे, आणि काय करत असताना झालं ते पाहिजे. "ऑप रक्षकमध्ये अमुक सेक्टरला रात्रीच्या अँबुशवर जाताना सुरुंगावर पाय पडला" हे वाक्य आणि "ड्युटीवर असताना पायाला इजा" हे वाक्य, दोन्ही खरी आहेत, पण पेन्शन मंजूर करणारा माणूस प्रयागराजला बसलेला असतो, त्याला फक्त कागद दिसतो.

जी जखम सरळ शत्रूच्या कारवाईतली नाही तिचा इंज्युरी रिपोर्ट भरतात, फॉर्म आयएएफवाय-२००६, आणि गरज असेल तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी होते. त्यात कमांडिंग ऑफिसरचं मत असतं की ड्युटीवर होता की नाही. या सगळ्याची एकेक प्रत युनिटमध्ये असतानाच मागून घ्या, फोटो काढून ठेवा. बरोबरच्या दोन साथीदारांची पूर्ण नावं, आर्मी नंबर, गावं वहीत लिहून ठेवा. वीस वर्षांनी साक्षीदार लागला तर "आमच्या प्लाटूनमध्ये एक पंजाबी होता" एवढ्यावर माणूस सापडत नाही.

हॉस्पिटलच्या कागदांवर पण एक डोळा ठेवा, कारण मला सगळ्यात जास्त घोळ तिथं दिसलाय. जवान पुढच्या हॉस्पिटलमधून बेस हॉस्पिटलला येतो, तिथून कमांड हॉस्पिटल, मग पाय लावायला पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरला. पहिल्या केस शीटवर डॉक्टरनं लिहिलेलं असतं ट्रॉमॅटिक अँप्युटेशन, माइन ब्लास्ट (सुरुंगाच्या स्फोटात पाय तुटला). दुसऱ्या ठिकाणी त्याचं होतं अँप्युटेशन लेफ्ट लेग. तिसऱ्या ठिकाणी नुसतं अँप्युटेशन बीके, ऑप (गुडघ्याखाली पाय कापला, शस्त्रक्रिया झाली). डॉक्टरांची चूक म्हणत नाही मी, त्यांना पुढचा इलाज करायचा असतो, सुरुंग होता की ट्रक होता यानं ड्रेसिंग बदलत नाही. पण शेवटी मेडिकल बोर्डासमोर तो तिसरा कागद ठेवला जातो. म्हणून प्रत्येक डिस्चार्ज स्लिपवर कारण लिहिलंय का बघा, नसेल तर तिथल्या तिथं नम्रपणे सांगून लिहून घ्या, बहुतेक डॉक्टर लगेच लिहून देतात.

मेडिकल बोर्ड

बोर्ड आऊट होत असेल तर इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्ड, नॉर्मल रिटायर होत असेल तर रिलीज मेडिकल बोर्ड, फॉर्म एएफएमएसएफ-१६. या फॉर्मात सुरुवातीला जवानाचं स्वतःचं निवेदन असतं. ते घाईत सही करून मोकळे होऊ नका. कुठं, कधी, कुठल्या ऑपरेशनमध्ये, काय झालं, कुठल्या हॉस्पिटलला नेलं हे तुमच्या शब्दात तिथं आलं पाहिजे. लिहिता येत नसेल, हात गेलेला असेल, तर दुसऱ्याकडून लिहून घ्या पण वाचून दाखवल्याशिवाय अंगठा किंवा सही नको.

पुढं बोर्डाचं मत असतं, प्रत्येक आजार किंवा जखमेसमोर तीन गोष्टी विचारलेल्या असतात: नोकरीमुळं झालं का, नोकरीमुळं वाढलं का, की नोकरीशी संबंध नाही. मग टक्के आणि मग मुदत. गोळी आणि स्प्लिंटरच्या जखमेला पहिलं हो असतंच, पण तुम्हाला स्फोटात बहिरेपण आलं असेल, पाठीच्या मणक्याला मार बसला असेल, झोप उडाली असेल, भीतीचे झटके येत असतील तर ते पण बोर्डासमोर सांगा आणि लिहून घ्या. आमच्याकडचे लोक हातापायाचं सांगतात आणि मनाचं लपवतात, घरात बायकोला रोज रात्री दिसत असतं की माणूस दचकून उठतोय पण बोर्डापुढं "सब ठीक है साब". असं करू नका. ती पण जखमच आहे आणि तिचा पण इलाज आणि हिशोब होतो. एकापेक्षा जास्त जखमा असतील तर टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही, बोर्ड एकत्रित टक्केवारी ठरवतं.

टक्क्यांवर भांडू नका म्हणालो वर, त्याला एक अपवाद. तुम्ही ४९ च्या आसपास किंवा ७५ च्या आसपास असाल तर जरूर भांडा, कारण ४५ चे ५० झाले की हिशोबात थेट ७५ होतात. आणि २० च्या खाली दाबलं असेल तर तिथं पण. बोर्ड आऊट करून घरी पाठवलंय आणि वर टक्के २० च्या खाली दिलेत अशा केसमध्ये सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये सुखविंदर सिंग यांच्या निकालात म्हटलंय की ज्याला घरी पाठवण्याइतकं अपंगत्व आहे त्याचं अपंगत्व २० च्या वरचंच मानायला हवं.

कायमचं अपंगत्व असेल तर बोर्डाचा निर्णय आयुष्यभरासाठी असतो, पूर्वीसारखं दर काही वर्षांनी री-सर्व्हेला बोलवत नाहीत. पण तुमची जखम नंतर बिघडली, पायाचा उरलेला भाग परत कापावा लागला, दुसऱ्या डोळ्यावर परिणाम झाला तर तुम्ही स्वतः अर्ज करून परत तपासणी मागू शकता.

पीपीओ कसा वाचायचा

बोर्ड झालं की रेकॉर्ड ऑफिस क्लेम तयार करतं. आपल्याकडच्या लोकांची रेकॉर्ड्स म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगाव, महार रेजिमेंटचं सागर, आर्टिलरीचं नाशिक रोड कॅम्प, बॉम्बे सॅपर्सचं खडकी, आर्मर्डचं नगर, सिग्नलचं जबलपूर, नेव्हीच्या सेलर लोकांचं मानखुर्द. आर्मीची पेन्शन मंजूर होते प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शनकडून (संरक्षण खात्याचं पेन्शनचं लेखा कार्यालय), नेव्हीची मुंबईतून, एअरफोर्सची दिल्लीतून. आता सगळं स्पर्श या संरक्षण खात्याच्या पेन्शन पोर्टलवर आलंय, तिथं लॉगिन करून स्वतःचा पीपीओ बघता येतो.

पीपीओ उघडला की बेसिक पेन्शनचा एकूण आकडा बघून बंद करू नका. आत वेगवेगळ्या ओळी असतात. सर्व्हिस एलिमेंट किंवा सर्व्हिस पेन्शन एक ओळ, आणि दुसरी ओळ डिसॅबिलिटी एलिमेंट आहे की वॉर इंज्युरी एलिमेंट ते वाचा. त्याच्यासमोर टक्के किती धरलेत, बोर्डाचे आणि ब्रॉडबँडिंगनंतरचे. मुदत कायमची आहे का. जुन्या लोकांनी खास बघा, कारण सुरुवातीला ब्रॉडबँडिंग फक्त बोर्ड आऊट झालेल्यांना होतं, नॉर्मल रिटायर झालेल्याला ३० म्हणजे ३० च देत होते. १० डिसेंबर २०१४ ला सुप्रीम कोर्टानं राम अवतार यांच्या केसमध्ये तो भेद काढून टाकला. त्यानंतर पण ज्यांचा पीपीओ दुरुस्त झालेला नाही असे म्हातारे माजी सैनिक अजून दिसतात, त्यांनी रेकॉर्ड ऑफिसला अर्ज देऊन करिजेंडम, म्हणजे दुरुस्तीचा, पीपीओ मागायचा.

अपंगत्व १०० टक्के असेल आणि बोर्डानं लिहिलं असेल की सतत एक माणूस सोबत लागतो तर कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स वेगळा मिळतो, सातव्या वेतन आयोगात तो महिना ६,७५० ठरलाय आणि महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की तो २५ टक्क्यांनी वाढतो. पाठीच्या कण्याला गोळी लागून अंथरुणाला खिळलेल्या जवानाच्या घरात सगळं आयुष्य त्याची बायको नाहीतर आई ती ड्युटी करत असते. हा अलाउन्स बोर्डाच्या शिफारशीवर चालतो, शिफारस राहून गेली असेल तर अर्ज करा.

नाकारली तर

नाकारल्याचं पत्र आलं की पहिल्यांदा त्यावर तारीख टाका, तुम्हाला कधी मिळालं ती. पाकीट पण जपून ठेवा. तिथून सहा महिन्यात पहिलं अपील करायचं, ते रेकॉर्ड ऑफिसमार्फत फर्स्ट अपील कमिटीकडं जातं. ते पण नाकारलं तर परत सहा महिन्यात दुसरं अपील. अपिलात "मी देशासाठी रक्त सांडलं" असं पान भरून लिहिलेलं मी वाचलंय, खरं आहे ते, वाचताना माझ्या पण डोळ्यात पाणी येतं, पण कमिटीला कागद लागतो. म्हणून अपिलाच्या आधी आरटीआय टाकून रेकॉर्ड ऑफिसकडून मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रोसीडिंग, इंज्युरी रिपोर्ट, कोर्ट ऑफ इन्क्वायरीचं मत आणि पार्ट टू ऑर्डर मागवा. नकाराचं पत्र आणि हे कागद शेजारी ठेवून वाचा, कुठल्या ओळीमुळं नाकारलंय ते सापडतं. मग अपिलात फक्त त्या ओळीला उत्तर द्या, सोबत युनिटचा कागद, पहिली केस शीट, साथीदाराचं प्रतिज्ञापत्र.

दुसऱ्या अपिलानंतर किंवा अर्ज देऊन सहा महिने उलटले तरी उत्तरच आलं नाही तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे फौजी केसेसचं न्यायाधिकरण. महाराष्ट्र, गोवा, गुजरातसाठी मुंबईचं बेंच आहे. तिथं अर्ज करायला साधारण सहा महिन्यांची मुदत असते, उशीर झाला तर कारण देऊन माफी मागता येते. आजाराच्या केसमध्ये २०१३ चा धरमवीर सिंग निकाल सगळ्यात उपयोगी आहे, सिग्नलमधला जवान, फिट्सच्या आजारावर बोर्ड आऊट केला आणि संबंध नाही म्हणून पेन्शन नाकारली, सुप्रीम कोर्ट म्हणालं की भरतीच्या वेळी मेडिकलमध्ये फिट होता आणि कागदावर आजाराची नोंद नव्हती, म्हणजे आजार नोकरीतच आला असं धरायचं, नाही म्हणायचं असेल तर सिद्ध करायची जबाबदारी सरकारची.

"आता किती वर्षं झाली, आता कोण देतंय" म्हणून बसलेल्यांसाठी सांगतो, पेन्शन हा दर महिन्याचा हक्क आहे, दर महिन्याला नाकारला जातो. २००८ मध्ये तरसेम सिंग यांच्या केसमध्ये, तो माणूस १९८३ ला बोर्ड आऊट झाला होता आणि १९९९ ला कोर्टात गेला, तरी डिसॅबिलिटी पेन्शन मिळाली, फक्त थकबाकी कोर्टात जायच्या आधीच्या तीन वर्षांपुरती मिळाली. याचा अर्थ १९६५, १९७१, श्रीलंकेतलं ऑप पवन, कारगिल, ऑप पराक्रमच्या वेळचे सुरुंग, कुठलीही जुनी केस असू द्या, दार बंद नाही, पण जेवढा उशीर कराल तेवढी मागची थकबाकी बुडते. आणि ज्यांना पेन्शन लागलीच नाही त्यांचे जुने कागद ठराविक वर्षांनी नष्ट करतात, तेव्हा आरटीआय आजच टाका.

वकिलाचं म्हणाल तर पैसे नाहीत म्हणून थांबू नका. जुलै २०२५ मध्ये नालसानं (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं) वीर परिवार सहायता योजना सुरू केलीय, सैनिक बोर्डाच्या ऑफिसात मोफत कायदेशीर मदतीची केंद्रं अशी ती कल्पना आहे, तुमच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. आणि जे एजंट थकबाकीतले इतके टक्के द्या म्हणतात किंवा स्पर्शचा ओटीपी मागतात त्यांना दारातूनच परत पाठवा.

नवीन नियम आणि अग्निवीर

२१ सप्टेंबर २०२३ पासून नवीन एंटायटलमेंट रूल्स, म्हणजे अपंगत्वाची पेन्शन कुणाला लागू याचे नियम, लागलेत. त्या तारखेनंतर ज्यांचं रिटायरमेंट किंवा बोर्ड आऊट आहे त्यांनी जुन्या माणसाच्या पीपीओवरून स्वतःचा अंदाज बांधू नये. आजार घेऊन नॉर्मल रिटायर होणाऱ्याला आता डिसॅबिलिटी एलिमेंटच्या जागी इम्पेअरमेंट रिलीफ असं आलंय आणि आजार नोकरीमुळं झाला का हे ठरवायचे निकष पण कडक केलेत. जुन्यांना जुनेच नियम. माझं मत विचाराल तर यामुळं नवीन पोरांनी सुरुवातीचे कागद जपणं अजूनच गरजेचं झालंय.

अग्निवीराला पेन्शन नाही. नोकरीमुळं अपंगत्व आलं तर एकरकमी मिळतं, १०० टक्क्याला ४४ लाख, ७५ ला २५ लाख, ५० ला १५ लाख, आणि उरलेल्या मुदतीचा पगार आणि सेवा निधीचं वेगळं. गावागावात पोरं अग्निवीर म्हणून जातायत, आईबापांना हे माहीत असायला हवं, म्हणून लिहिलं.

पेन्शनशिवाय अजून काय

इन्कम टॅक्स: अपंगत्वामुळं बोर्ड आऊट झालेल्याच्या दोन्ही एलिमेंटना सूट आहे. नॉर्मल रिटायर झालेल्यांच्या बाबतीत २०१९ च्या सर्क्युलरपासून वाद झालेत, त्यामुळं रिटर्न भरायच्या आधी फौजी केसेस बघणाऱ्या सीएला पीपीओ दाखवा. ईसीएचएसला (माजी सैनिकांची आरोग्य योजना) बॅटल कॅज्युअल्टीवाल्यांना वर्गणी माफ आहे, कार्ड काढताना तो कागद लावा. राज्य सरकार युद्धात किंवा ऑपरेशनमध्ये अपंग झालेल्या जवानाला टक्केवारीप्रमाणे वेगळं अनुदान देतं, ते आपोआप येत नाही, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज करावा लागतो, पुण्यात त्या विभागाचं मुख्य ऑफिस आहे.

पुण्यातच खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, कण्याला मार बसून व्हीलचेअरवर आलेले जवान तिथं राहतात, खेळतात, काम शिकतात. तिथंच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, १९१७ ला सुरू झालेली, अपंग जवानांना धंद्याचं शिक्षण देणारी. घरी कोपऱ्यात बसून राहिलेल्या पोराला एकदा तिथं घेऊन जा. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या लढाईत गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ ला हायडलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये पोहून भारताला पहिलं सोनं त्यांनीच आणलं, आपल्या मातीतलाच माणूस आहे तो.

घरच्यांसाठी शेवटचं. नोव्हेंबरात हयातीचा दाखला चुकवू नका, माणूस हलू शकत नसेल तर जीवन प्रमाण मोबाईलवर चेहरा दाखवून पण होतं. पीपीओत बायकोचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का ते आजच बघा, "सुमन" आणि "सुमनबाई" एवढ्यावरून फॅमिली पेन्शन महिनोन् महिने अडकते. आणि जवान गेलाच तर हॉस्पिटलकडून मृत्यूचं कारण स्पष्ट लिहून घ्या, कारण मृत्यू त्या मान्य झालेल्या जखमेमुळं झाला असेल तर पत्नीला साध्या फॅमिली पेन्शनपेक्षा जास्तीची, स्पेशल किंवा लिबरलाइज्ड मिळू शकते. त्याच्या हयातीतली जी थकबाकी राहिली असेल ती पण वारसाला मिळते, लाइफ टाइम एरिअर्स म्हणून वेगळा अर्ज करायचा, सोबत मृत्यूचा दाखला, पीपीओची प्रत आणि बँक पासबुक.